हवेत संपणारा जिना

गेल्या वर्षी नाशिकच्या एका छोट्या दिवाळी अंकात माझा लेख आला होता. सातारा आणि सांगली भागातल्या सात बेढब इमारतींची ती यादी होती, फोटोंसकट. मी शाळेत चित्रकला शिकवतो. वयाची पन्नाशी उलटली, पण तोवर माझं लिहिलेलं कुणी छापलं नव्हतं. लेख आल्यावर संपादकांचा फोन आला, "सर, त्या जिन्याच्या वाक्याला लोक फार हसतायत." मी ते वाक्य स्वयंपाकघरात जाऊन बायकोला पुन्हा वाचून दाखवलं. ते असं होतं: "सांगलीतल्या एका सोसायटीच्या अंगावर लोखंडी जिना आहे. तो दुसऱ्या मजल्यावरून निघतो आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आधी हवेतच संपतो. बांधणारा बहुधा मध्येच जेवायला गेला."

यंदा एप्रिलमध्ये संपादकांमार्फत एक पत्र आलं. फुलस्केप कागद, निळी शाई, अक्षर व्यापारी वळणाचं.

"आपण आमच्या जिन्याविषयी लिहिले ते वाचले. बांधणारा जेवायला गेला नव्हता. बांधणारा मी. आता सोसायटी रंग देणार आहे, आणि त्याआधी जिना कापायचा म्हणून रविवारी मीटिंग ठेवली आहे. आपले छापील पान सगळ्यांना दाखवतात. आपण जिना लांबून पाहिला असावा. जवळून पाहायला यावे."

खाली सही आणि पत्ता. रागाचा एक शब्द नव्हता, म्हणूनच मला ते पत्र दोन दिवस खिशातून बाहेर काढवेना. जिना मी लांबूनच पाहिला होता. एका लग्नाला गेलो होतो, कार्यालय समोर होतं, जेवणाच्या रांगेतून बाहेर येऊन कंपाउंडपलीकडून तीन मिनिटांत फोटो काढला होता. म्हणजे जेवायला मीच गेलो होतो.

शुक्रवार, सातारा

सरळ सांगलीला जायचं धैर्य झालं नाही. आधी साताऱ्यात उतरलो. तिथल्या एका वसाहतीलाही मी यादीत बसवलं होतं. माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या कदमबाईंचे वडील तिथे राहतात, हे मला लेख छापून आल्यावर कळलं. बाईंनी तो लेख स्टाफरूममध्ये वाचला होता आणि "छान लिहिलंय सर," एवढंच म्हणून वह्या तपासायला घेतल्या होत्या. त्या शांतपणाचा अर्थ मला दोन महिन्यांनी लागला. मोठ्या माफीआधी लहान माफीची तालीम करावी, असा माझा हिशेब होता. सांगतानाही लाज वाटते.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला एकसारख्या सहा इमारती. चार मजले, करडा रंग, सारख्या खिडक्या, सारख्या पाण्याच्या टाक्या. "इथले लोक आपलं घर वासावरून ओळखत असावेत," असं मी लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. एका बाईंनी दार उघडलं, "या, बसा, ह्ये आंगुळीला गेल्यात," म्हणाल्या आणि चहा टाकला. मी बसलो. चहा अर्धा झाला, साताऱ्याचे कंदी पेढे समोर आले, मी त्यांच्या लेकीची, म्हणजे कदमबाईंची, शाळेत कशी मदत होते ते सांगू लागलो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून यजमान बाहेर आले.

"कोन ओ तुमी?"

"सुभेदार कदम...?"

"त्ये चार नंबरच्या बिल्डिंगीत. ही पाच नंबर." मग बायकोकडे वळून, "आगं, पेढे पन दिलंस?"

"मला वाटलं तुमचं कोन तरी हाय. असू द्या वो, रोज येक तरी चुकतंय हितं. परवा तर नवरदेव बघायला आलेली मानसं बसली हुती अर्धा तास."

मी उठलो तेव्हा दोघंही हसत होते. लिहिताना केलेला विनोद माझ्याच अंगावर आला होता, आणि ते हसणं माझ्या लेखापेक्षा फार मोकळं होतं.

चार नंबरच्या सुभेदारांना मी खरं कारण सांगितलं. ते सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या मिशा.

"वाचलं की आमी," ते म्हणाले. "लेकीनंच पाठवलं. बरोबर लिवलंय तुमी. पन येक सांगू का? अठ्ठावीस वर्सं मी बॅरेकीत काढली. येकाच्या घराला संगमरवर आनि दुसऱ्याच्या घराला शेन, आसं हितं न्हाई. सुभेदाराचं आनि शिपायाचं घर येकच. मला तर लय आवडतं."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "त्येंना आवडतंय. माझं काय? तुळस ठेवायला जागा न्हाई, वाळवन घालायला अंगन न्हाई. गावातलं घर सोडून ह्या खुराड्यात आनून बसवलंय मला. गुरुजी, तुमी कमीच लिवलंय!"

"बगा," सुभेदार म्हणाले. "तुमचा येक वाचक पक्का."

माफी मागायची वेळच आली नाही. बाहेर पडलो तेव्हा मन हलकं व्हायला हवं होतं, पण झालं नाही. जे दुखावलेच नव्हते त्यांच्याकडून मी क्षमा गोळा करत फिरत होतो.

शनिवार, लांबचा रस्ता

साताऱ्याहून सांगलीला कऱ्हाडमार्गे लवकर पोचता येतं. मी कोरेगाव, विटा, तासगाव असा एसटीने फिरत गेलो. कारण भूगोलाचं नव्हतं.

तासगावच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेडं लागतात. लोखंडी खांब, वर पत्रे, मध्ये जाळीचे थरावर थर, बाजूंना हिरवं कापड. हंगाम संपत आला होता, काही शेडांवरचं कापड फाटून लोंबत होतं. आमच्या नाशिकची द्राक्षं पेटीत बसून परदेशी जातात, इथली जाळीवर पडून सुकतात. लेखाच्या वेळी मी या शेडांचाही फोटो काढला होता, "माळरानावरचे सांगाडे" असा मथळा सुचला होता, पण सात आकडा भरल्यामुळे ती वाचली. मनात आलं, आकडा आठ असता तर? कुणाच्या वर्षभराच्या कमाईवर मी आणखी एक गमतीचं वाक्य लिहिलं असतं.

शेजारी बसलेल्या आजींनी पदराच्या गाठीतून मूठभर बेदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "खा. लांबनं आलाय जनू." मी म्हटलं, नाशिकहून. "मग तुमच्याकडं बी हायत की द्राक्षं." "आहेत, पण एवढे गोड बेदाणे नाहीत," मी म्हणालो. त्यांना ते पटलं. खरं तर आमच्याकडचे खाल्लेच नव्हते.

शनिवार संध्याकाळ, सांगली

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे आण्णा म्हणतात. जुने बेदाणा व्यापारी, जैन, सूर्यास्ताआधी जेवणारे. त्यामुळे मी साडेपाचला पोचलो आणि सहाला ताटावर होतो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्यातली काकडी. कांदा, लसूण, बटाटा काही नाही. नाशिकला आम्ही आठ वाजता कुठे कुकर लावतो. भूक नसताना मी जेवलो, कारण त्या घरात नाही म्हणायचा मला हक्क वाटेना.

जेवणाआधी त्यांनी जिना दाखवला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीचा कठडा एका ठिकाणी कापून तिथे छोटं फाटक केलंय. तिथून लोखंडी जिना भिंतीला लागून तिरपा खाली उतरतो, पहिल्या मजल्याच्या खिडकीवरून जातो आणि एका लहानशा चौकोनी ओट्यावर थांबतो. ओट्याखाली अकरा फूट मोकळी हवा, त्याखाली पार्किंग. ओट्याला बाहेरच्या बाजूने दोन जाड लोखंडी कड्या.

"ह्या कड्या कसल्या?" मी विचारलं.

"नाव बांधायला."

मग मला सगळं एकदम दिसलं. सांगलीत पुराची भाषा वेगळी आहे. आमच्याकडे गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते विचारतात. इथे कृष्णा चढली की विचारतात, आयर्विन पुलाला किती फूट? आण्णांच्या इमारतीच्या भिंतीवर पाण्याची रेघ निळ्या रंगाने ओढून ठेवलेली आहे. ती मी फोटोत घेतली होती. मला वाटलं होतं, रंगाऱ्याने काम अर्धवट सोडलंय.

आण्णांच्या पत्नीला सगळे आक्का म्हणतात. महापुराच्या वर्षभर आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाणी चढलं, खालचा जिना बुडाला, तेव्हा नाव आली ती या गॅलरीखाली.

"खुर्चीत बसवली, लुगड्यानं बांधली आनि वरनं सोडली," आण्णा सांगत होते. "मी आनि शेजारचं दोघं. नाव काय येका जागी ऱ्हातीय व्हय? जरा सरकली. खुर्ची भिंतीवर आपटली आनि पान्यात गेली. लगेच वर घेतली म्हना. पन मांडीचं हाड मोडलं. तवापास्नं ती खाटेवरच हाय. म्हनून मग ह्यो जिना बांधला."

आक्का गॅलरीच्या दाराशी खाटेवर पडून ऐकत होत्या. बोलणं जरा जड, पण स्पष्ट.

"ह्येच का त्ये लिवनारं?"

"हो," मी म्हणालो.

"हात धुवून घ्या. भाकरी गार हुईल."

रात्री लॉजवर माझ्या स्वतःच्या घराचा विचार करत राहिलो. भाड्याचा फ्लॅट. बाहेरून चार रंगांच्या ग्रिल, लोंबणाऱ्या वायरी, पावसाळी पत्रा. कुणी त्याचा फोटो छापला असता तर मी काय म्हणालो असतो? प्रत्येक ग्रिलचं कारण सांगितलं असतं.

रविवार

मीटिंग सकाळी दहाला पार्किंगमध्ये. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नोटीस बोर्ड, बोर्डावर माझ्या पानाची झेरॉक्स. सेक्रेटरी पन्नाशीचे, बोलायला मोकळे. मला बघून म्हणाले, "या सर. जेवून आलाय का?"

सगळं पार्किंग हसलं. त्यानंतर जो येईल तो मला तेच विचारत होता. एका आजोबांनी तर "नसला जेवला तर थांबतो आमी, मधीच जायला नको," असं म्हणून टाळी घेतली. मीही हसायचा प्रयत्न केला.

मी पाठ केलेली माफी म्हटली. जिना तीन मिनिटं पाहिला, तोही लांबून. कुणालाही काही विचारलं नाही. यादीत सात हव्या होत्या आणि माझ्याकडे सहाच होत्या. माझ्या एका वाक्यामुळे आक्कांचा जिना कापला जाणार असेल तर ते मला आयुष्यभर सोसणार नाही.

पहिल्या रांगेतली एक तरुणी उठली. तिचं नाव प्रियांका. जिना जिच्या खिडकीवरून जातो ती पहिल्या मजल्यावरची.

"सर, तुम्ही उगाच स्वतःवर घेताय," ती म्हणाली. "तुम्ही लिहायच्या आधीपासून मी कापा म्हणतेय. तुमचं पान नुसतं उपयोगी पडलं. मी ब्लाऊज शिवते. मशीन त्या खिडकीशी आहे, दुसरीकडे जागाच नाही. जिन्याच्या पायऱ्या म्हणजे जाड पत्रे. भर दुपारी बल्ब लावून शिवते मी, डोळ्यांना चष्मा लागला. पाणी येणार कधीतरी, आणि माझा अंधार रोजचा."

माझा गुन्हा अचानक लहान झाला, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. साडेचारशे किलोमीटर मी जो डोंगर वाहून आणला होता, तो इथे कुणाला दिसतही नव्हता. इथला प्रश्न खिडकी आणि खाट यांच्यातला होता.

"व्हय, तिचं खरं हाय," आण्णा बसूनच म्हणाले. "पन माझ्या आक्काला परत खुर्चीत बांधून सोडू व्हय?"

"मी तसं कुठं म्हणाले, आण्णा?"

"मग कापल्यावर काय करू? पंख लावू?"

सेक्रेटरींनी हात वर केले. "आता मत घ्यायचं का? सरांना विचारा, चित्रकार हायत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिना सुंदर आहे की नाही हे ते विचारत नव्हते. काय करावं, हे विचारत होते. हा प्रश्न मला लेख लिहिताना एकदाही पडला नव्हता. मी प्रियांकाच्या घरी जाऊ का विचारलं. आम्ही दहा-बारा जण तिच्या त्या खोलीत शिरलो. खिडकीत पायऱ्यांचे सात पत्रे एकावर एक तिरके दिसत होते, आणि त्यांच्यामधल्या फटींतून उजेडाच्या सहा पट्ट्या. मशीनवर सुईच्या जागी मात्र सावली होती.

"पत्र्याऐवजी जाळी असती तर?" मी म्हणालो. "गटारावर असते तशी. पाय टेकतो, उजेड खाली येतो."

"बोलायला सोपं हाय," आजोबा म्हणाले.

"मग करून बगू की," सेक्रेटरी म्हणाले. ते खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतून पाना घेऊन आले. पायऱ्या नटबोल्टने बसवलेल्या होत्या, गंजलेल्या, पण सुटल्या. खिडकीसमोरचे तीन पत्रे काढले आणि पार्किंगच्या चराची लोखंडी जाळी धुवून, दोन तुकडे त्या जागी आडवे टाकले. एक पायरी मोकळीच राहिली. मी खालच्या ओट्यावरून ती जाळी धरून उभा होतो, शर्टाला गंज, बोटाला खरचटलेलं. या सगळ्या प्रवासात माझ्या हातून झालेलं ते पहिलं उपयोगाचं काम.

खोलीत वाद सुरू झाला. "वाढला की उजेड." "कुठला? तेवढाच हाय." "आगं, पडदा सार आधी." "आता ऊनच तसं पडलंय, नवाला बगायला पाहिजे हुतं."

"गप्प बसा सगळे," प्रियांका म्हणाली. तिने बल्ब बंद केला, चष्मा काढून ठेवला, रिळातून काळा दोरा तोडला आणि सुई डोळ्यांसमोर धरली. पहिल्यांदा दोरा चुकला. टोक ओठांत ओलं केलं. दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा आत गेला.

"गेला," आजोबा म्हणाले, जणू त्यांनीच ओवला.

"तिसऱ्यांदा गेला," प्रियांका म्हणाली. ती काही हसली नाही. "सगळ्या पायऱ्या जाळीच्या करा. मग पावसाळ्यात बघते मी, ढग असताना. नाही जमलं तर पुन्हा मीटिंग."

सेक्रेटरींनी वहीत लिहिलं: पायऱ्या बदलणे. जिना यंदाच्या पावसाळ्यापुरता ठेवणे. रंगाऱ्याला सांगणे. सह्या झाल्या. आण्णांनी सही केली आणि प्रियांकाकडे बघून एवढंच म्हणाले, "लाल ब्लाऊज झालं का गं आक्काचं?" "उद्या देते," ती म्हणाली.

जिना वाचला होता, पण एका पावसाळ्यापुरता. मला हे अपुरं वाटलं. आण्णांना मात्र पुरेसं वाटलेलं दिसलं. नदीकाठचे लोक पुढच्या पावसाळ्यापलीकडचं बोलत नसावेत.

निघताना आक्कांना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "मला बी त्यो जिना आवडत न्हाई बगा. पाऊस पडला की रातभर वाजतोय." आण्णा भडंगाची पिशवी घेऊन फाटकापर्यंत आले. मी पुन्हा माफीचा विषय काढला.

"माफी बिफी ऱ्हाऊ द्या आता," ते म्हणाले. "परत लिवनार हाय न्हवं?"

"हो. यावेळी चांगलं लिहीन. जिना किती..."

"आवं, चांगलं कशाला? छान हाय म्हनून लिवू नका. खोटं हुईल त्ये. कशासाठी हाय तेवढं लिवा."

म्हणून लिहितो. सांगलीतल्या त्या इमारतीचा जिना बेढब आहे. त्याची शेवटची पायरी जमिनीपासून अकरा फुटांवर आहे. पाणी चढलं की नाव तिथे लागते.